लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी मारायचीय, कोरी डिस्क कुठली घेऊ?

प्राजक्ता_केओपी
आमच्या आत्याच्या लग्नाची १९९४ ची व्हीएचएस कॅसेट होती, ती स्टुडिओतून एमपीफोर करून आणलीय, पावणेतीन तासांची सलग एकच फाईल आहे, साईज सहा जीबीच्या आसपास. आत्या-मामा असतात गडहिंग्लजला, त्यांच्याकडं जुना डबडा टीव्ही आणि त्याला जोडलेला तेवढाच जुना डीव्हीडी प्लेअर, त्याला यूएसबीचं भोकच नाहीये, आणि मामांना रिमोटवरचं प्ले आणि स्टॉप सोडून तिसरं बटण नको असतं. म्हणून डीव्हीडीच द्यायचीय.
राजारामपुरीत दुकानात विचारलं तर त्यानं काउंटरवर चार प्रकार मांडले, मायनस आर आणि प्लस आर (दोन्ही एकदाच लिहायच्या), आरडब्ल्यू (पुसून परत लिहायची) आणि ड्युअल लेयर (दोन थरांची), आणि म्हणाला ताई सहा जीबी आहे म्हणजे ड्युअल लेयरच घ्या, साध्यात बसणार नाही. ती एक डिस्क साधीच्या कितीतरी पट महाग! खरंच तीच लागते का? आणि पॅकवर १६ एक्स (लिहायचा स्पीड) लिहिलंय म्हणजे १६ नंच राईट मारायचं का? ब्रँडचं पण सांगा, मला तर सगळ्या सारख्याच चकचकीत दिसतात. डेस्कटॉपला जुना रायटर आहे आणि चालू आहे.

हँडीकॅमवाले_काका
पोरी, ड्युअल लेयर अजिबात घेऊ नको. तुझी एमपीफोर सहा जीबीची आहे का दोनची, याचा इथं काही संबंधच नाही. जुना प्लेअर एमपीफोर वाचत नाही, त्याला लागतो डीव्हीडी-व्हिडिओ, म्हणजे डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर, त्यात आयएफओ आणि व्हीओबी फायली, आणि चित्र एमपेग-टू मधलं. म्हणजे फाईल परत कन्व्हर्ट होणारच, आणि तेव्हा बिटरेट (एका सेकंदाच्या चित्राला किती डेटा) किती ठेवायचा ते तुझ्या हातात असतं. डीव्हीडीचा हिशोब मिनिटांत करायचा, जीबीत नाही. साध्या ४.७ च्या डिस्कवर दोन तास मारलेस तर ५ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आसपास मिळतात, चित्र झकास येतं. तीन तास कोंबलेस तर साडेतीनच्या खाली जातं, आणि व्हीएचएसच्या चित्रात आधीच मुंग्या असतात, सगळा बिटरेट त्या मुंग्याच खाऊन टाकतात आणि नवरीच्या तोंडावर चौकोन चौकोन दिसायला लागतात.
लग्नाच्या ऑर्डरी घेत होतो तेव्हा आम्ही सरळ दोन डिस्क द्यायचो. अक्षता पडल्या की पहिली संपली, दुसरीत पंगती, आहेर आणि वरात. गिऱ्हाईक पण खूश, कारण बायकांना पहिली बघायची असायची आणि पोरांना वरातीतला नाच.
साधी सिंगल लेयर मायनस आर घे. आरडब्ल्यूवरनं लेसरचा उजेड फार कमी परत येतो, जुन्या प्लेअरची लेन्स थकलेली असली की तो 'नो डिस्क' दाखवून मोकळा होतो. आणि ड्युअल लेयरवर दुसऱ्या थराला जाताना असले प्लेअर मध्येच गचके खातात, काही तर तिथंच बसतात.

इचलकरंजी_एक्सप्रेस
अजून डीव्हीडी?? भावा आता पेनड्राईव्हवर टाकायचं, टीव्हीच्या मागं खुपसायचं, विषय संपला. किंवा यूट्यूबला प्रायव्हेट करून ठेवा ना.

प्राजक्ता_केओपी
दादा, टीव्ही डबडा आहे हो, मागं फक्त लाल-पांढरा-पिवळा. आणि मामा नवीन टीव्ही घेऊ देत नाहीत, तो विषय घरात काढायचाच नाही असं ठरलंय.
काका, लई मदत झाली. दोन डिस्कचं पटलं. पण मायनस आरमध्ये पण तीन ब्रँड होते, त्यातला कुठला?

लेसर_डायोड
ब्रँडचं सांगतो, जरा लांबण लागेल. खोक्यावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना हे बऱ्याचदा वेगळे असतात, एकच नाव पण एका लॉटची डिस्क एका कारखान्याची आणि पुढच्या लॉटची दुसऱ्याची, त्यामुळं 'अमुक कंपनीची मस्त होती' हे दहा वर्षांपूर्वीचं ऐकून आज घेण्यात अर्थ नाही. जुन्या लोकांना ताइयो युडेनचं वेड होतं ते बरोबरच होतं, जपानची डिस्क, पण त्यांनी २०१५ लाच हा धंदा बंद केला. आपल्याकडं गल्लोगल्ली मिळायच्या त्या मोझर बेअरच्या, नोएडाची कंपनी, ती २०१८ ला दिवाळखोरीत निघाली. व्हर्बॅटिम जपानच्या मित्सुबिशी केमिकलकडं होती, ती २०१९ ला तैवानच्या सीएमसीनं विकत घेतली. म्हणून आता दुकानात कुणी 'जपानी माल आहे' म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून पुढं जायचं.
ओळखायचं कसं, तर प्रत्येक कोऱ्या डिस्कमध्ये कारखान्यानंच एक कोड टाकलेला असतो. इमगबर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, २०१३ नंतर नवीन आवृत्ती नाही पण अजून उत्तम चालतं, रायटरमध्ये कोरी डिस्क घातली की उजव्या बाजूच्या चौकटीत डिस्क आयडी दाखवतं. तिथं एमसीसी ०३आरजी२० असं काही आलं तर व्हर्बॅटिमवाली १६ एक्सची मायनस आर, सीएमसी मॅग आलं तर सीएमसीची साधी, एमबीआय आलं तर मोझर बेअरचा राहिलेला जुना स्टॉक. साधी आहे म्हणून वाईटच असं काही नसतं, पण निम्म्या भावात नामी ब्रँड मिळाला आणि आयडी भलताच दिसला तर समजायचं काय ते. एकदम ५० चा डबा उचलू नका, पाच-दहाचा पॅक घ्या, एक घालून बघा, पटलं तर बाकीच्या.
डिस्क उलटी करून उजेडात तिरकी धरायची. जांभळट रंग सगळीकडं एकसारखा पाहिजे, काठाजवळ ढगासारखे डाग किंवा फिकट पट्टा दिसला तर ती डिस्क घ्यायची नाही. डाय, म्हणजे ज्यात डेटा लिहिला जातो तो रंगाचा थर, त्या काठालाच आधी नीट बसत नाही. आणि डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून तर पिक्चर शेवटी शेवटी अडकतो. काकांचं दोन डिस्कचं म्हणणं त्यासाठी पण बरोबर आहे. साधारण ८० मिनिटं ६ एमबीपीएसनं मारली तर पावणेचार जीबीच्या आसपास होतात, बाहेरचा काठ कोराच राहतो. नाहीतरी ४.७ ची डिस्क विंडोजमध्ये ४.३८ च दिसते, तिथं दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.
स्पीड ८ एक्स ठेवा. १६ एक्सला मोटर जोरात फिरते आणि काठाला चुका वाढतात. काही लोक सांगतात एकदम १ किंवा २ एक्सला मारा, लई टिकते, तसं काही नाही, आजच्या १६ एक्स डिस्कचा डाय तेवढ्या सावकाश लिहिण्यासाठी बनवलेलाच नसतो. ८ ला डिस्क भरली तरी आठ-दहा मिनिटांत काम होतं. व्हेरिफायवर (लिहिलेलं परत तपासणं) टिक ठेवा. आणि डेस्कटॉपला यूपीएस आहे ना? राईट चालू असताना लाईट गेली की ती डिस्क गेली.

प्राजक्ता_केओपी
यूपीएस आहे पण त्याची बॅटरी कधीचीय देव जाणे, बघते. कन्व्हर्ट कशात करू? विकतचं सॉफ्टवेअर नको.

लेसर_डायोड
डीव्हीडीस्टायलर. फुकट आहे, एमपीफोर सरळ आत ओढायची, एमपेग-टू आणि आवाजाचं रूपांतर तेच करतं. सुरुवातीलाच पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडा, ७२० बाय ५७६, एनटीएससीवर (अमेरिकेतली पद्धत) चुकून राहिलं तर आपल्याकडच्या काही जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं होतं किंवा गोल गोल फिरतं. त्यातच आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाईल) बनवा आणि ती आयएसओ इमगबर्ननं मारा. एकाच डिस्कवर सगळं बसवायचा हट्टच असेल तर रिझोल्यूशन ३५२ बाय ५७६ ठेवा, डीव्हीडीच्या नियमात ते बसतं आणि व्हीएचएसमध्ये मुळात तेवढाच तपशील असतो, त्यामुळं चौकोन बरेच कमी होतात. मेनू ठेवू नका, डिस्क घातली की थेट सनई वाजली पाहिजे. मामांचं तिसरं बटण वाचेल.

प्लसवाला_पन्हाळा
सगळे मायनसच्या मागं लागलेत म्हणून लिहितो. प्लस आरचा एक फायदा कुणी सांगितला नाही, रायटर सपोर्ट करत असेल तर प्लस आरचा बुकटाईप (डिस्क कुठल्या प्रकारची ते प्लेअरला सांगणारा कोड) डीव्हीडी-रॉम असा बदलता येतो, मग प्लेअरला ती डिस्क विकतच्या पिक्चरसारखी वाटते. मायनसमध्ये हे होत नाही. हट्टी प्लेअरला हा उपाय लागू पडतो.

हँडीकॅमवाले_काका
पडतो, मान्य. पण रायटर जुना आहे तिचा, बुकटाईप बदलता येतो का नाही ते बघण्यात अर्धा दिवस जाणार. मायनस १९९७ पासूनची, प्लस आली २००२ ला, मधल्या काळातला प्लेअर असेल तर मायनसवर चालण्याची शक्यता जास्त. प्लेअर कधीचा आहे गं?

प्राजक्ता_केओपी
मामा म्हणतात "पोरगं सातवीत असताना घेतला", म्हणजे २००७-०८ चा असणार.

प्लसवाला_पन्हाळा
मग दोन्ही चालायला पाहिजेत खरं तर. लेन्स किती थकलीय त्यावर आहे.

शाहूपुरीकर
डिस्क कुठली घ्यायची ते झालं, आता ठेवायची कशी ते पण बघा. आमच्या कुंभार गल्लीत २०१९ च्या पुरात घरोघरच्या कॅसेटी, अल्बम, सीड्या चिखलात गेल्या. डिस्क धुऊन काही चालल्या, पण ज्यांच्यावर गोल कागदी स्टिकर होता त्यांचा स्टिकर फुगला आणि डिस्क डगमगायला लागली. पूर सोडा, नुसत्या पावसाळ्याच्या दमटपणानं पण स्टिकर एका बाजूनं सुटतो आणि प्लेअरमध्ये घरघर सुरू होते. म्हणून स्टिकर नको, सीडी मार्करनं लिहायचं, बॉलपेनानं नाही. प्रिंटेबल घेतलीत तर वर पांढरा भाग असतो, लिहायला बरी पडते, चित्राला त्यानं काही फरक पडत नाही.
आणि ती एमपीफोर उडवू नका. तीच तुमची खरी कॉपी, डीव्हीडी फक्त बघायला. एक हार्डडिस्क तुमच्याकडं आणि एक कॉपी गावाबाहेर कुणाकडं तरी, पुण्याला असेल कोण तर तिकडं. ओरिजिनल कॅसेट पण टाकू नका, उभी ठेवा, कोरड्या जागी.

इचलकरंजी_एक्सप्रेस
एवढं सगळं वाचून मला पण आईबाबांच्या लग्नाची कॅसेट आठवली 😅 माळ्यावर आहे. तिला पांढरी बुरशी आलीय, चालेल का?

हँडीकॅमवाले_काका
बुरशी असेल तर व्हीसीआरमध्ये घालायची नाही अजिबात! हेडला लागते, आणि मग त्या व्हीसीआरमध्ये पुढं घालशील त्या चांगल्या कॅसेटला पण लागते. आधी साफ करून देणारा माणूस शोध, तोवर माळ्यावरनं खाली काढून कोरड्यात ठेव.

प्राजक्ता_केओपी
सगळ्यांना लई थँक्स. आज पाचचा मायनस आरचा पॅक आणला, आयडी सीएमसी मॅग दाखवतोय, रंग एकसारखा आहे, काठाला डाग नाहीत. प्लस आर पण सुटी एक घेतली. रविवारी गडहिंग्लजला जायचंय तर अक्षतांपर्यंतचा भाग दोन्हीवर मारून नेते, तिथं जी चालेल त्यावर दुसरा भाग मारून पुढच्या वेळी देईन. आत्याला सांगितलं तर म्हणाली वरात आधी आण, अक्षता मला पाठ आहेत.