मदत हवी आहे : मर्कॅप्टोप्युरिन आणि एनयूडीटी१५ तपासणी

सर्वांना नमस्कार. अमळनेर तालुक्यातील माझ्या भाच्याला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असून सध्या मेंटेनन्स (आजार परत येऊ नये म्हणूनचा उपचाराचा टप्पा) चालू आहे, म्हणजे रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट. पूर्ण मात्रा सुरू झाली की त्याच्या पांढऱ्या पेशी फार खाली येतात आणि गोळी थांबवावी लागते. एनयूडीटी१५ या जनुकातील काही बदलांमुळे हे औषध नेहमीच्या मात्रेत सोसत नाही आणि असे बदल भारतीयांमध्येही आढळतात, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली आहे. जळगाव किंवा धुळ्यात तिचा नमुना कोठे घेतात आणि खर्च साधारण किती येतो, हे कोणी सांगू शकेल का?

दुसरे असे, की ताई ५० मिलिग्रॅमची पिवळसर गोळी सुरीने अर्धी करते तेव्हा भुकटी तिच्या बोटांना लागते. हातमोजे आणि वेगळा कटर वापरायला मी सांगितले आहेच, पण या औषधाचे पातळ रूप आपल्या खानदेशात मिळते का? (आजोबांची गाऊट या सांध्यांच्या आजारावरची अ‍ॅलोप्युरिनॉल गोळी मी मुलाच्या औषधांच्या डब्यातून आधी बाहेर काढली, कारण ती चुकून मुलाच्या पोटात गेली तर मर्कॅप्टोप्युरिनची विषबाधा होऊ शकते.) रात्री-अपरात्री ताप आल्यास लगेच रक्त तपासून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करणारे जवळचे रुग्णालय कोणते, हेही अनुभवी पालकांनी कृपया कळवावे.