सेव्रची फुलदाणी: १७५३ची की नक्कल?

अबोली_म्हार्दोळ
चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून एक फुलदाणी खाली आली. उंची हातभर, पितळी कान, अंग गर्द निळं. पुढे सोनेरी चौकटीत बागेत बसलेलं जोडपं, मागे गुलाबांचा गुच्छ. आजोबांनी मडगावच्या कुणा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरातून घेतलेली, एवढंच ठाऊक. बुडाला निळ्या रंगात एकमेकांत गुंतलेले दोन 'एल' आणि मध्ये 'ए'. एका दुकानदाराने पाहताच सांगितलं, 'ए' म्हणजे १७५३, फ्रान्सच्या राजाच्या सेव्रच्या चिनी मातीच्या कारखान्यातली. आणि त्याच दमात, "देता का?" तिथंच माझा संशय जागा झाला.

लाज वाटते, पण सांगते. सासूबाईंनी फुलदाणीच्या गळ्यावरचं सोनं पितळ समजून चिंचेनं घासलं. बोटभर पट्टा आता नुसता निळा.

भिंगवाला
'ए' म्हणजे १७५३ हे बरोबर. पण तेव्हा कारखाना पॅरिसजवळच्या व्हँसेनला होता, सेव्रला गेला १७५६मध्ये. आणि ही खूण एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नकलाकारांनी सर्रास काढली, त्यामुळे बूड शेवटी बघायचं. आधी चित्राच्या कोपऱ्यात सही आहे का पाहा. अठराव्या शतकातले तिथले चितारी बुडाला आपली बारीकशी खूण करायचे. चित्रात ऐटीत सही दिसली की माल बहुधा नंतरचा. सलग गर्द निळाही तिथं १७६३मध्ये आला, त्याआधीचा निळा ढगाळ असे.

कुठे टवका उडालाय का? फ्रान्समध्ये लिमोजजवळ काओलिन, म्हणजे कडक चिनी मातीला लागणारी पांढरी माती, सापडली १७६८मध्ये. तोवर सेव्रची माती मऊ, तिचा टवका साखरेसारखा दाणेदार. कडक चिनी मातीचा टवका शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत.

जुनाबाजार
चित्रावर भिंग धरा. सारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. सोनं झिलईवर सर्वांत शेवटी, कमी आचेवर भाजतात, म्हणून घासलं की जातं. आता चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर सगळं बंद. कोमट पाणी, मऊ फडकं, तेही सोन्यावर नको.

अबोली_म्हार्दोळ
मुलाने टॉर्च मारला. आत तळाशी गंजलेला नट! पाय वेगळा करून बोल्टने जोडलाय. सही आहे, बाईच्या पायाशी, लाल रंगात. पायाच्या कडेला नखाएवढा टवका, अगदी शिंपला.

पण भिंगातून बाईचा गाल बघून मी दहा मिनिटं हलले नाही. गुलाबी रंगाचे सुईच्या टोकाएवढे ठिपके, एक दाट, एक विरळ, कानाकडे जाता जाता विरत गेलेले. जाळी नाही, हाताचंच काम. झग्याच्या चुणीत कुंचल्याचा एक केसही अडकून भाजला गेलाय बहुतेक, काळी रेघ दिसते.

भिंगवाला
मग एकोणिसाव्या शतकातली नक्कल, पण चांगल्या हातची. बोल्ट घट्ट करायला जाऊ नका, पाय तडकेल.

अबोली_म्हार्दोळ
नाही करत. दुकानदाराचा काल फोन आला. म्हटलं, १७५३ची नाही हो ती. म्हणाला, "असूं दे, तरी देता का?"