आम्लीकरणाचा फटका थंड पाण्यालाच आधी का? ध्रुवीय समुद्रांविषयी वर्गात निघालेला प्रश्न

शिंपला (फोंडा)

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. महासागरांच्या आम्लीकरणाविषयी, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राची आम्लता वाढण्याविषयी, सांगताना मी तिसऱ्यांचे सुके केल्यावर उरलेले शिंपले धुऊन वर्गात नेले आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. थोड्याच वेळात त्यांच्यावर बारीक बुडबुडे धरले आणि दुसऱ्या दिवशी कडा बोटांनी चुरडता येतील इतक्या ठिसूळ झाल्या. याचा फटका ध्रुवांजवळच्या समुद्रांना सर्वांत आधी बसतो, असे मी म्हणताच नववीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, पाणी तापले की त्यातला वायू निघून जातो ना? मग समुद्र तापतोय तर आम्लता कमी व्हायला नको का?" मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. शिवाय बर्फ वितळणे आणि पाण्याचे रसायन बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात का, हेही जाणकारांनी सांगावे.

खारे पाणी (पणजी)

बाई, मुलीचे म्हणणे चुकीचे नाही, अपुरे आहे. तापलेल्या पाण्यात वायू कमी मावतो हे खरेच. परंतु औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहेत, आणि वरून वाढलेला हा दाब पाण्याच्या किंचित घटलेल्या क्षमतेवर सहज मात करतो. त्यामुळे माणसाने सोडलेल्या या वायूचा साधारण चौथा हिस्सा आजही समुद्रातच जातो. शिवाय ध्रुवीय समुद्र तापला तरी तो आपल्या मिरामारच्या पाण्यासारखा होत नाही. शून्य अंशाच्या आसपासच्या पाण्यात हा वायू आपल्याकडच्या कोमट पाण्याच्या दुपटीने मावतो. म्हणून तर गार सोडा बाटलीतून शांतपणे ओतता येतो आणि उन्हात राहिलेला फसफसून बाहेर येतो.

खरी अडचण पुढची आहे. विरघळलेल्या वायूपासून कार्बोनिक आम्ल बनते, त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन पाण्यातील कार्बोनेटला पकडून त्याचे बायकार्बोनेट करतात, आणि कवच बांधायला लागणारे कार्बोनेटच कमी पडते. थंड पाण्यात कार्बोनेट मुळातच कमी असते. अ‍ॅरागोनाइट या कवचद्रव्याची संपृक्तता उष्ण कटिबंधात ३ ते ४ च्या आसपास असते, ध्रुवांकडे ती २ च्याही खाली असते, आणि १ च्या खाली गेल्यावर उघडे कवच विरघळू लागते. ज्याच्या गाठीला आधीच थोडे, त्याचे आधी सरते.

एक विनंती. व्हिनेगर पाहून मुलांनी वहीत "समुद्र आम्ल झाला" असे लिहू नये. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) ८.२ वरून सुमारे ८.१ वर आला आहे, म्हणजे पाणी अजूनही आम्लारीधर्मीच आहे. मात्र ही मोजपट्टी लॉगॅरिदमची (एका अंकाचा फरक म्हणजे दसपट) असल्याने ०.१ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्क्यांची वाढ होय.

सड्यावरून (वास्को)

वरील उत्तराला माझी थोडी पुरवणी. बर्फ आणि रसायन वेगळे काढता येत नाहीत. पावसाळ्यात मांडवीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते, तसेच वितळलेल्या बर्फाचे पाणी ध्रुवीय समुद्रावर थर धरते. त्या पाण्यात क्षार कमी, म्हणून कार्बोनेटही कमी. आणि हलका थर वर बसल्याने खालची पोषकद्रव्ये वर येणे अवघड होते. कॅनडाच्या उत्तरेकडील समुद्री खोऱ्यात २००८ मध्येच पृष्ठभागाचे पाणी अ‍ॅरागोनाइटच्या दृष्टीने असंपृक्त आढळले होते. त्याच वर्षी दक्षिण महासागरातून गोळा केलेल्या 'समुद्री फुलपाखरां'ची, म्हणजे पंखांसारख्या पायांनी पोहणाऱ्या चिमुकल्या गोगलगायींची, कवचे झिजलेली दिसली. तिथे कारण दुहेरी होते: खोलातून वर येणारे, मुळातच कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी आणि त्यात माणसाची भर.

दक्षिणेकडे क्रिलची, म्हणजे कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवांची, पिल्ले हिवाळा काढतात ती बर्फाच्या खालच्या अंगाला धरलेल्या शेवाळावर. बर्फ उशिरा धरला की त्यांची उपासमार होते आणि त्यांच्यावर जगणाऱ्या पेंग्विन व देवमाशांची ताटेही रिकामी होतात. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझन समुद्रात बर्फ लवकर फुटल्याने एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत पिल्ले वाचली नसावीत, असे उपग्रहचित्रांवरून अनुमान निघाले.

तरीही सगळीकडे घटच आहे असे समजू नये. आर्क्टिकमध्ये बर्फ हटल्याने ऊन पाण्यात शिरते, आणि १९९८ ते २०१८ या काळात तिथल्या वनस्पतीप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) उत्पादन ५७ टक्के वाढले. मात्र वाढलेले अन्न जुन्याच जिवांच्या वाट्याला येईल असे नाही. बॅरेंट्स समुद्रात दक्षिणेकडचा कॉड मासा वर सरकला आणि तिथल्या लहान माशांशी स्पर्धा करू लागला.

शिंपला (फोंडा)

दोघांचेही आभार. व्हिनेगरऐवजी बाटलीतला सोडा वापरला तर प्रयोग अधिक प्रामाणिक होईल का?

खारे पाणी (पणजी)

होय, तोच वापरा. तरी समुद्राच्या मानाने तोही फारच तीव्र आहे. एक बाटली फ्रीजमध्ये, एक बाहेर ठेवा, दोन्हींत सुकवून तोललेले सारखे शिंपले घाला आणि झाकण घट्ट लावा. आठवड्याने पुन्हा सुकवून तोला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर फरक दिसणार नाही, शाळेच्या प्रयोगशाळेतील बारीक तराजू मागून घ्या.