पहिल्याच दिवशी ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

मूळ लेख

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या भाचीसाठी, मॉनिटर वगळून, ४०,००० रुपयांत संगणक जुळवायचा आहे. तिच्या वडिलांनी दुकानातून आणलेल्या कोटेशनमध्ये 'आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड' एवढेच ठळक अक्षरांत होते. मॉडेल क्रमांक विचारल्यावर कळले की, तो आय-७ म्हणजे २०१२ सालचा ३७७० आणि ते कार्ड म्हणजे २०१४ सालचे जीटी ७३०. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० च्या सर्वसाधारण सहाय्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपली. आपल्याकडे ग्राफिक्स कार्ड अजूनही तूरडाळीसारखे वजनावर विकले जाते. फक्त किलोच्या जागी जीबी आला आहे.

माझे मत असे की, एवढ्या पैशांत सुरुवातीला वेगळे कार्ड घेऊच नये. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये सहा कोअर (गणना करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) आणि वेगा ७ हे अंगचे ग्राफिक्स मिळते, जे त्या जीटी ७३० पेक्षा नक्कीच सरस आहे. अट एकच, आणि ती पाळली नाही तर माझा सगळा युक्तिवाद कोसळतो: रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या पाहिजेत. अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरते. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहून नेते, दोन लावल्या तर ५१.२. हा फरक खेळ चालवताना लगेच जाणवतो. वाचलेल्या पैशांतून चांगला एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) घ्यावा आणि कार्डाचा विचार दोन वर्षांनी करावा.

प्रतिसाद १

जीटी ७३० नको, इथपर्यंत एकमत, त्यापुढे नाही. 'कार्ड नंतर घेऊ' हे वाक्य ऐकायला काटकसरीचे वाटते, पण नंतर कार्ड बसवले की ज्या वेगा ७ साठी आज पैसे मोजले, ते निकामी पडून राहते आणि मागे उरतो तो दुय्यम प्रोसेसर. ५६००जी मध्ये एल-३ कॅश (प्रोसेसरची हाताशी असलेली जलद मेमरी) १६ एमबी आहे, अंगचे ग्राफिक्स नसलेल्या साध्या ५६०० मध्ये ३२; शिवाय ५६००जी पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड ज्यावर जोडतात तो मार्ग) ३.० या जुन्या, संथ पिढीवरच थांबतो. समजा, दोन वर्षांनी भाचीने स्वस्तात मिळते म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी घेतले. त्या कार्डाला मुळात चारच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) आहेत, त्याही ३.० च्या वेगाने चालणार, आणि मेमरी ४ जीबी. म्हणजे कार्ड घेऊनही गळा आवळलेलाच.

आपण जी ५१.२ जीबीची कौतुकाने नोंद केली आहे, तीच आरएक्स ६६०० या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत २२४ आहे. आय-३ १२१००एफ हा चार कोअरचा प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला हे ८ जीबीचे कार्ड, भले वापरलेले, ही माझी शिफारस आहे. घरच्या संगणकावर मूल खेळणारच, हे गृहीत धरूनच जुळवणी करावी.

प्रतिसाद २

आधीच्या प्रतिसादातील 'एफ' या अक्षराबद्दल अनुभवाने सांगतो. एफ म्हणजे त्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स चालू नसते. माझ्याकडे हीच जोडी होती. कार्ड बिघडले, वॉरंटीसाठी पाठवले आणि परत येईपर्यंत तीन आठवडे संगणक नुसता पंखे फिरवत बसला, कारण पडद्यावर चित्र आणायला दुसरे काहीच नव्हते. मुलाची परीक्षा त्याच दिवसांत आली, हे वेगळे सांगायला नको. विना-एफ १२१०० थोडा महाग पडतो, पण त्यातले यूएचडी ७३० एव्ही१ या नव्या प्रकारे दाबून साठवलेला व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडते. वेगा ७ ला ते जमत नाही, आरएक्स ६५०० एक्सटीलाही नाही.

वापरलेल्या कार्डाबाबतही जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते सोडवून चलन मिळवणे) बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डे बाजारात आली. मायनिंग झालेले प्रत्येक कार्ड वाईट असते असे नाही, पण बिल आणि उरलेली वॉरंटी नसेल, तर समोर तासभर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मूळ लेखकाचे उत्तर

कॅश आणि लेनबद्दलचा आक्षेप मान्य आहे. आरएक्स ६५०० एक्सटीचा मुद्दा मी लक्षातच घेतला नव्हता. तरीही पहिल्या प्रतिसादातली जोडी ४०,००० मध्ये बसवायची तर कात्री एसएसडीला (साठवणुकीच्या भागाला) किंवा एसएमपीएसला लागणार, आणि कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर १३२ वॉटचे कार्ड चालवणे मला पटत नाही. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. 'मूल खेळणारच' हे खरे, पण भाचीला विचारले तेव्हा तिने दोन खेळ सांगितले, व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट. दोन्ही वेगा ७ वर व्यवस्थित चालतात.

प्रतिसाद १ चे प्रत्युत्तर

आज दोन खेळ सांगितले आहेत, तिसऱ्या वर्षाला ती मशीन लर्निंग घेईल. त्यासाठी बहुधा लागणारी कूडा ही प्रणाली फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालते. तेव्हा माझ्या आरएक्स ६६०० चाही उपयोग नाही, आणि आपल्या वेगा ७ चा तर नाहीच.

मूळ लेखकाचे उत्तर

तोवर गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मर्यादित वेळेपुरते का होईना, कार्ड फुकट वापरायला मिळते. तिसऱ्या वर्षाचे कार्ड तिसऱ्या वर्षीच्या भावाने घेऊ. ते कदाचित एनव्हिडियाचेच असेल, आणि आज घाईने घेतलेले आरएक्स ६६०० तेव्हा विकायला काढावे लागले असते.

दुकानदाराचे नवे कोटेशन आज सकाळी आले. या वेळी मॉडेल क्रमांकांसह सगळे लिहिले आहे, ५६००जी सुद्धा. फक्त रॅमच्या ओळीत '१६ जीबी, नग १' असे आहे. कागद परत पाठवला आहे.