'पुस्तक उघडल्याच जात नाही' याला एका शब्दात काय म्हणावं?

निंबाचीसावली
आमच्या गावात (दारव्हा तालुका) ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. तलाठी, पोलीस भरती, असली तयारी करणारी पंधरा-वीस पोरं-पोरी येतात. भिंतीवर लावायला अभ्यासात मन कसं टिकवावं याचा एक तक्ता मी इंग्रजीतून मराठीत आणते आहे. पहिल्याच शब्दाला अडले, प्रोक्रॅस्टिनेशन, म्हणजे करायचं काम पुढे ढकलत राहणं. मी आपलं 'आळस सोडा, अभ्यासाला लागा' असं लिहून चिकटवलं. दुसऱ्या दिवशी एक पोरगा तणतणत आला. "ताई, म्या सकाळी पाचले उठून ढोरायचं पायतो, मंग वावरात फवारा मारतो. आयशी कोन हाये? मायाकून निस्तं गनिताचं पुस्तक उघडल्याच जात नाई. ते उघडाच्या आंधी मले सारी खोली झाडाची राह्यते."
त्याचं खरं आहे. तक्ता काढला. आता 'आळस' नको, तर काय लिहू?

कोशकिडा
चालढकल. संपला विषय.

निंबाचीसावली
तोच शब्द आधी सुचला होता. पण चालढकलीत मला दुसऱ्याला झुलवत ठेवणं ऐकू येतं. ठेकेदार चालढकल करतो, उसने पैसे घेतलेला पाहुणा करतो. हा पोरगा कोणाला झुलवतोय?

शनिवारपेठ
मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक सुचवतो. 'उघडल्याच जात नाही' नव्हे, 'उघडलंच जात नाही'. आणि मराठीत 'उघडवत नाही' असं सुटसुटीत शक्य रूप असताना हा हिंदी वळसा कशाला?

वखर
आले व्याकरण घेऊन! आमच्याकडे 'केल्या जाते', 'बोलल्या जाते', 'खाल्ल्या जाते' असंच बोलल्या जाते भाऊ. लीळाचरित्र आमच्या रिद्धपूरला लिहिल्या गेलं, आता मराठीचं विद्यापीठही तिथेच झालं. आम्हाले मराठी कोण शिकवते?

शनिवारपेठ
लीळाचरित्रातलं एक 'उघडल्या जात' दाखवा, मी शब्द मागे घेतो.

वखर
पाहून सांगतो.

कोशकिडा
दोघंही थांबा जरा. ताईंना उपयोगी पडेल असं थोडं लिहितो.
'दिरंगाई' फारसी 'दिरंग' म्हणजे विलंब, यावरून. शब्द चांगला आहे, पण आता तो सरकारी दप्तरात जाऊन बसला. २००५ चा बदल्यांचा आणि विलंब रोखण्याचा जो राज्याचा कायदा आहे, त्याला सगळे 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात आहे. (हसू नका.) तेव्हा दिरंगाई म्हटलं की समोर टेबल येतं, पुस्तक येत नाही.
माझं मत बदललं आहे. नेमका शब्द 'दीर्घसूत्री'. गीतेत अठराव्या अध्यायात २८ वा श्लोक बघा: 'अयुक्तः प्राकृतः स्तब्धः शठो नैष्कृतिकोऽलसः । विषादी दीर्घसूत्री च कर्ता तामस उच्यते ॥' एकाच श्लोकात 'अलस' वेगळा मोजलाय आणि 'दीर्घसूत्री' वेगळा. म्हणजे तुमचा पोरगा जे म्हणाला तेच. आणि दीर्घसूत्रीच्या शेजारी कोण बसलाय पाहा, विषादी. शांतिपर्वातल्या तीन माशांच्या गोष्टीतही जाळ्यात सापडून मरतो त्या माशाचं नाव दीर्घसूत्र.

वखर
अभ्यासिकेच्या भिंतीवर 'दीर्घसूत्री' लावा. पोरं समजतील सुताची गिरणी निघाली.

निंबाचीसावली
कोशकिडा, श्लोक फार कामाचा निघाला, आभार. इंग्रजी मजकुरातही तेच आहे. पिअर्स स्टील म्हणून कॅनडातले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांची २००७ ची व्याख्या दिली आहे. काम करायचं ठरवलेलं आहे, लांबवलं तर आपलंच नुकसान होणार हेही ठाऊक आहे, तरी माणूस आपणहून लांबवतो. हे तिन्ही एका मराठी शब्दात मावायला हवं. मूळ शब्दात 'क्रास' म्हणजे लॅटिन 'उद्या' आहे, म्हणून 'उद्याळू' असा शब्द पाडून पाहिला. नवऱ्याने विचारलं, ही कोणती भाजी?

मोहफूल
मी भंडाऱ्याकडची. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत (इडापिडेचा पुतळा) गावाबाहेर नेऊन टाकतात. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत', आणि त्यापुढे ज्याला जे नको ते. खोकला, ढेकूण, मोडशी. आजी आमच्याकडे बघत मुद्दाम ओरडायची, 'कंटारा घेऊन जा गे मारबत!' आळस नाही म्हणायची, कंटाराच. मला वाटतं तुमच्या पोराचं दुखणं कंटाळा आहे. (आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो, डोळ्याचा डोरा.)

वखर
आमच्या इकडे डोया. कंटाया.

शनिवारपेठ
बिचाऱ्या ळ ने तुमचं काय घोडं मारलंय?

धुरा
मी पन्नास वर्षं शेती केली, आता मुलगा करतो. सगळं वाचलं. तुम्ही मंडळी थांबण्याला आणि टाळण्याला एकाच दावणीला बांधताय. पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी वावरात शिरणारा हुशार नसतो. वाफसा यायची वाट पाहावी लागते, नाहीतर डवरा चिखलात रुततो. मृग लागला म्हणून कोणी पेरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो. जो घाई करतो तो दुबार पेरतो. तेव्हा उशीर म्हटला की दोष, असं नाही. वाफसा आल्यावरही जो चौकात चहा पीत बसतो, त्याला आम्ही 'अळमटळम करते' म्हणतो. पण त्या पोराचं ते नाही. घरच्या बायका जे म्हणतात ते त्याचं, 'हात धजत नाई'. पहिल्या वर्षी कपाशीवर अळी पडली तेव्हा मी आठ दिवस वावरात गेलो नव्हतो. आळशी नव्हतो. बघायचं भेव होतं.

निंबाचीसावली
काका, 'हात धजत नाही' वाचून गप्प बसले. पण हे वाक्य झालं. मथळ्याला नाम हवं.

शनिवारपेठ
'अधीरता' सारखं 'अधजता'?

कोशकिडा
नको. कृपा करा.

तूरडाळ
नावाचा घोळ राहू द्या, उपाय सांगते. पोमोदोरो करा. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना काढलेली युक्ती आहे. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ पंचवीस मिनिटांवर लावायचं, तेवढा वेळ एकच काम, मग पाच मिनिटं सुट्टी. अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. ते घड्याळ टोमॅटोच्या आकाराचं होतं म्हणून हे नाव, इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. ताई, तुमच्या तक्त्यावर 'भेदरं पद्धत' लिहा!

वखर
भेदरं! वा! आता मराठी झाली.

धुरा
यात नवं काय? निंदणाला बायका आपापली पात धरतात. पात संपेपर्यंत पाणी प्यायलाही कोणी उठत नाही, कारण शेजारची पुढे जाते. तिथे घड्याळ नाही, पात आहे. पोराला सांगा, पाच गणितं ही तुझी पात.

शनिवारपेठ
'पात' मनापासून आवडला. लिहून ठेवतो. पण टोमॅटोला भेदरं? भेदरणे म्हणजे घाबरणे. लालबुंद होतं म्हणून?

कोशकिडा
घाबरल्यावर माणूस पांढरा पडतो, लाल नाही.

मोहफूल
बोटाने दाबलं की फुटतं, म्हणून भेदरट. माझ्या मामाची व्युत्पत्ती. मामा कंडक्टर होते.

शनिवारपेठ
टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांच्या मागून इकडे आला. म्हणजे शब्द फार जुना नसणार. माझी आजी बेलवांगी म्हणायची. तो शब्द निदान समजतो तरी.

वखर
बेलवांगी! त्याचं भरीत करता का तुम्ही?

निंबाचीसावली
मंडळी, तक्ता सोमवारी लावायचा आहे. सध्या 'चालढकल' लिहून ठेवते आणि खाली काकांचं वाक्य. तो पोरगा परत आला तर त्यालाच विचारीन.

कोशकिडा
'चालढकल' स्त्रीलिंगीच ठेवा, काही जण 'चालढकलपणा' करतात. 'पणा' कशाला?

तूरडाळ
भेदराची चटणी पाट्यावरची की मिक्सरमधली? आमच्या घरी यावरूनच भांडण आहे.

वखर
पाट्यावरची. वरतून शेंगदाण्याचा कूट. यात चर्चा नाही.

मोहफूल
कूट?? भेदऱ्याच्या चटणीत जवस टाकतात.