'छठी'ला मराठीत काय म्हणावं?

दुपटं: हिंदी कथेच्या अनुवादात 'आज मुन्ने की छठी है' या वाक्याशी अडले आहे. 'पाचवी' लिहिलं तर संपादक म्हणतात, दिवस चुकला. 'सटवीपूजन' चालेल?

बोरू: 'पाचवी'च लिहा. आपल्याकडे पूजा पाचव्या दिवशी मांडतात आणि सटवाई बाळाच्या कपाळावर लिहायला येते ती सहाव्या रात्री, असं मानतात. म्हणून तर पाटा-वरवंट्यापाशी कोरा कागद नि लेखणी ठेवायची, आणि दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. 'दारिद्र्य पाचवीला पुजलेलं' म्हणतात, 'सहावीला पुजलेलं' कुणी म्हणत नाही.

उंबरठा: शुद्ध शब्द 'षष्ठीपूजन'. पोथीत जन्मदा, षष्ठी, जीवंतिका अशी नावं येतात. 'सटवी' ही शिवी झाली आहे, ती छापू नये.

घाटमाथा: शिवी झाली म्हणून देवी टाकायची? षष्ठीचीच सट झाली. चंपाषष्ठीला 'सट' म्हणतात, 'सटीसहामाशी'तली सटही तीच. सटवाईचे टाक आजही देव्हाऱ्यात आहेत. मात्र 'सटवीपूजन' नको, ते जोडकाम वाटतं. घरात 'पाचवी पुजली' असंच म्हणतात.

सुईण: पाचव्या-सहाव्या रात्रीचीच धास्ती का, हेही बघा. अस्वच्छ विळ्याने कापलेल्या नाळेतून होणारा धनुर्वात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसायचा. चांगलं दूध ओढणारं मूल अचानक तोंड उघडेनासं व्हायचं. जिल्ह्यागणिक हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, ही उच्चाटनाची पातळी भारताने गाठल्याचं 2015 साली जाहीर झालं. ती रात्र जागवण्यामागे ही भीती होती, असं माझं मत.

उंबरठा: मतावरून व्युत्पत्ती ठरत नाही.

सुईण: व्युत्पत्ती नाही, कारण सांगितलं.

दुपटं: कथेत पुढे 'घुघरी' वाटतात. म्हणजे आपल्या बारशाच्या घुगऱ्याच ना?

बोरू: त्याच. हरभऱ्याच्या.

घाटमाथा: गव्हाच्याही करतात! भिजवून शिजवलेलं अख्खं धान्य म्हणजे घुगऱ्या, धान्य कुठलंही असो.

बोरू: बारशाला हरभरेच. वाटीभर हरभऱ्यांना तीन वाट्या पाणी, आठ-दहा तास भिजवायचे. विहिरीचं पाणी जड असेल तर कितीही शिजवा, टणकच राहतात. अशा वेळी चिमूटभर खायचा सोडा घालावा.

घाटमाथा: सोडा घातला की सालं सुटतात, दाणा फुटतो. फुटला की उसळ झाली, घुगरी नव्हे.