सेप्टिक टँकची लाईन किचनखालून जातेय, आता वळवता येईल का?

चिपळूणजवळ गावाला घर चालू आहे, प्लिंथचा (जोत्याचा) भराव झालाय, पीसीसी (फरशीखालचं साधं काँक्रीट) बाकी. कॉन्ट्रॅक्टरने संडासची चार इंची लाईन सरळ किचनखालून मागच्या टाकीत काढलीय, घरात कुणालाच पटत नाहीये. बाजूने फिरवली तर 40 फूट होते आणि दोन वळणं येतात, तुंबेल का?

> पीसीसी व्हायच्या आधीच वळवा, नंतर फरशी फोडायची म्हणजे डोक्याला ताप. 40 फुटाला एक फूट उतार धरा, पण आधी टाकीच्या इनलेटची लेव्हल बघा, गणित बहुतेक तिथेच फसतं. 90 चा एल्बो (काटकोनी जोड) नको, प्रत्येक वळणावर चेंबर बांधा आणि तळाला सिमेंटची अर्धगोल पन्हळ करून घ्या नाहीतर मैला तिथेच साचत राहतो.

> विहीर कुठेय? शोषखड्डा (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) विहिरीपासून 60 फूट तरी लांब हवा, जांभ्यातून पाणी लय झिरपतं. व्हेंट पाईप (गॅस बाहेर काढणारा उभा पाईप) विसरू नका.

विहीर पुढच्या अंगाला आहे, बरीच लांब. गवंड्याला लेव्हल ट्यूब (उंची मोजायची पाण्याची नळी) घेऊन उद्याच बोलावतो. कॉन्ट्रॅक्टर जादा पैसे मागतोय पण!

> पाईप नि चेंबरचे द्या, खोदाईचे कशाला? आणि पाणी भरून टेस्ट केल्याशिवाय चर बुजवू देऊ नका.